मुंगसाला घातलेली शपथ

परीक्षेचे दिवस आले की आमच्या दादरच्या गल्लीत दह्याचा खप वाढतो. एरवी ज्यांना देव आठवतो तो प्रसादापुरता, ती मुलंही सकाळी देव्हाऱ्यापुढे नाक घासून निघतात. कोणी उजवा पाय आधी टाकतो, कोणी मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरून पाणी पितो. मी गॅलरीत बसून बघतो आणि मिशीतल्या मिशीत हसतो. खरं तर या बाबतीत हसायचा हक्क मला उरलेला नाही.

परवा शेजारची कुसुम मॅट्रिकच्या पेपराला निघाली. तिची आई दारात उभी होती आणि मी काठी घेऊन फिरायला बाहेर पडलो होतो. कोपऱ्यावरच्या पडीक जागेतून एक मुंगूस निघालं आणि रस्ता ओलांडायला लागलं. कुसुमने पुस्तकं छातीशी धरली आणि ओरडली, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" तेवढ्यात पलीकडून मोटार आली. त्यानंतर मी काय केलं ते मला लोकांनी सांगितलं. म्हणे मी काठी रस्त्यावर आपटत, हाडहाड करत धावत सुटलो. मुंगूस पळालं, मोटारवाला मला चार शब्द सुनावून गेला, आणि कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजोबा, तुम्ही त्याला पळवलंत. मला त्याचं तोंडच दिसलं नाही."

"नाही दिसलं तेच बरं झालं, पोरी," मी म्हणालो. तिला ते काय कळणार! तिच्या आईने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की ऐन परीक्षेच्या सकाळी म्हाताऱ्याने अपशकुन केला, हे न बोलताच कळलं. मी फिरायला न जाता घरी आलो.

मुंगसाचं तोंड दिसणं शुभ, आणि त्याला रामाची शपथ घातली की ते थांबून वळून बघतं, हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ते वळतं, ही खरी गोष्ट आहे. आवाजाला दचकून वळत असेल, उत्सुकतेने वळत असेल, रामाला ठाऊक. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा तर फारच जवळून पाहिलं आहे.

एकोणिसाव्या शतकाची ती शेवटची दहा वर्षं. दादर तेव्हा गाव होतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यामधून जाणारा एकच बरा रस्ता, दोन्ही बाजूंना शेराची आणि निवडुंगाची कुंपणं. आम्ही एका वाडीच्या कडेला चाळीत राहत होतो. बाबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. भोंगा व्हायच्या आत ते अंधारातच चालत निघायचे, आणि त्यांच्यामागून उजाडता उजाडता आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि तातूमामा.

तातूमामा आईचा धाकटा भाऊ. मालवणकडून आईच्या पाठोपाठ मुंबईला आलेला, आमच्याकडेच जेवणारा, बायको लवकर गेल्यावर पुन्हा लग्नाचं नाव न काढलेला. वाडीवाल्याची भाजीची घोडागाडी तो गिरगावच्या बाजारात न्यायचा. माझी शाळाही गिरगावात. म्हणून रोज सकाळी केळीच्या पानांच्या भाऱ्यावर बूड टेकून मी शाळेला जायचो. आजही केळीचं पान चिरलं की त्या ओल्या, हिरव्या, किंचित तुरट वासाबरोबर सगळी सकाळ परत येते. शीवच्या खाडीकडून येणारा खारा वारा, ताडीच्या मडक्यांचा आंबूस वास, परळ जवळ आल्यावर त्या सगळ्यांवर चढणारा गिरणीचा धूर. घोड्याच्या पाठीवरून निघणारी वाफ. मामाचा खोकला.

घरापासून हाकेच्या अंतरावर चिंचेचं एक मोठं झाड होतं आणि तिथे रस्ता वळायचा. दोन्हीकडची कुंपणं इतकी दाट की पलीकडून काय येतंय ते दिसायचं नाही. मुंगसं, घोरपडी, पावसाळ्यानंतर साप, कधी पहाटेचा चुकलेला कोल्हा, सगळी मंडळी तिथेच रस्ता ओलांडायची. एकीकडे वाडीतली विहीर होती, दुसरीकडे माळ. तहान एका बाजूला आणि बिळं दुसऱ्या बाजूला, मग करणार काय! साहेबलोकांच्या बग्ग्या, बाजाराच्या गाड्या, मातीचे खटारे तिथून भरधाव सुटायचे आणि सकाळी त्या वळणावर काही ना काही चिरडलेलं असायचं. कावळे गोळा झालेले असायचे. आम्ही नाकाला पंचा लावून पुढे जायचो.

मामाला ते सहन होत नसे. वळण आलं की तो लगाम खेचून घोडा चालीवर आणायचा आणि चाबकाच्या दांड्याने गाडीच्या लाकडी कठड्यावर ठोकायचा. ठक, ठक, ठक. मग थोडा थांबायचा. पुन्हा ठक, ठक, ठक. कुंपणात सळसळ व्हायची, कोणी मागे फिरायचं, कोणी पटकन पलीकडे पळायचं. मग मामा घोड्याला "चल रे राजा" म्हणायचा. मागचे गाडीवाले चिडायचे. "काय तातोबा, आरती झाली का? प्रसाद तरी वाटा," असं कोणीतरी रोज म्हणायचंच. मामा हसायचा.

"मामा, एवढं कशाला रे?" मी एकदा विचारलं होतं. उशीर झाला की मास्तर मला बाकावर उभं करायचे, म्हणून मला त्या ठकठकीचा राग यायचा.

"अरे, आमी काल इलेले. ही तेंची वाट आदीपासूनची," मामा म्हणाला. "तेंच्या घरातसून आमी गाडी घातली. मगे दार तरी वाजवूक नको?"

पुढे माळाच्या बाजूला दगडी भिंत उभी राहिली. शेराचं कुंपण काढून कोणा धनिकाने जागा बंदिस्त केली होती. त्या दिवसांत मुंगसं रस्ता ओलांडून भिंतीपाशी यायची आणि वाट सापडेना म्हणून भिंतीच्या कडेकडेने रस्त्यावरूनच धावत सुटायची. आठवड्यात तीन मेली. मामाने एका दुपारी पहार नेली आणि भिंतीच्या पायथ्याचे दोन दगड काढून टाकले. चोरूनच. दुसऱ्या दिवसापासून मुंगूस यायचं ते सरळ त्या भोकात शिरायचं. मामाने मला कोपराने ढोसलं आणि लहान मुलासारखा हसला. मला मात्र वाटलं, चोरी पकडली गेली तर मला शाळेला न्यायचं कोण?

माझं वय तेव्हा सतराच्या पुढे होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण लहान होतो असं म्हणून सुटायची सोय मला नको आहे.

आमच्या वेळी मॅट्रिकची परीक्षा दिवाळीनंतर असायची. आता ती उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. कार्तिकातल्या त्या सकाळी अजून अंगावर येतात. गवतावर दव आणि हवेत खाली बसलेला धूर. त्या साली भाऊबीजेला आईने मामाला ओवाळलं तेव्हा मामा म्हणाला, "आक्का, पुढल्या वर्साक तुझो झिल मॅट्रिक पास झालेलो असतलो." आईने त्याच्या कपाळावर आणखी दोन अक्षता टाकल्या. आमच्या चाळीत तोवर मॅट्रिक कोणी झालेलं नव्हतं. बाबांनी तेलाचा दिवा फक्त माझ्यासाठी जास्त वेळ ठेवायला परवानगी दिली होती.

आणि मी त्या दिव्याशी बसून काय करत होतो? बीजगणिताचं पुस्तक अर्ध्यावर दुमडून ठेवलं होतं. पुढची पानं उघडली की झोप यायची. दिवाळीची सुट्टी पत्ते कुटण्यात आणि वरळीच्या खडकांवर बसून होड्या मोजण्यात गेली. अभ्यास झाला नाही हे मला पुरतं माहीत होतं, आणि म्हणूनच मी शकुनांच्या मागे लागलो. ज्याचा अभ्यास झालेला असतो तो मुंगसाच्या तोंडाकडे कशाला बघेल? रोज वळणावर मी मान उंचावून बसायचो, मुंगूस दिसलं की शपथ घालायचो. बिचारं थांबायचं, वळायचं, तांबूस डोळ्यांनी बघायचं. माझी सकाळ साजरी व्हायची.

दोन-तीनदा झाल्यावर मामा रागावला. तो सहसा रागवत नसे. "मुक्या जनावराक वाटेत शपथ घालू नये रे. माणूस शपथ मोडता, जनावर मोडीत नाय. ता थांबता. आणि ह्या जागेर थांबणा म्हणजे मरण."

मी मान डोलावली. माणूस कबूलही पटकन करतो.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी गणिताचा पेपर होता. मला कोटात, म्हणजे फोर्टात, पोचायचं होतं. मामा गिरगावात सोडणार, तिथून मी चालत जाणार. आईने हातावर दही घातलं, बाबा त्या दिवशी पाच मिनिटं थांबून मला बघून गिरणीत गेले. निघायला उशीर झाला तो माझ्यामुळेच, टाक सापडत नव्हता. गाडी निघाली, चिंचेचं झाड दिसायला लागलं, आणि मामाने सवयीने चाबूक उलटा धरला.

"आज राहू दे ना मामा," मी म्हणालो. "एक दिवस ठोकलं नाहीस तर काय होतंय? परीक्षा आहे माझी."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने चाबूक सरळ केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती गाडी त्या वळणावर न थांबता, न ठोकता गेली, आणि दुडकीवर गेली.

मुंगूस विहिरीकडून निघालं होतं. गाडी येईपर्यंत ते रस्त्याच्या पार पलीकडे, भिंतीतल्या भोकाच्या हातभर अलीकडे पोचलं होतं. आणखी एका उडीत ते आत गेलं असतं. मला त्याची पाठ आणि झुबकेदार शेपूट तेवढी दिसली. तोंड दिसलं नव्हतं. आणि मी ओरडलो. सगळा जीव एकवटून ओरडलो. रामाची शपथ घातली.

ते थांबलं आणि वळलं. त्याच वेळी समोरून एक बग्गी आली, मामाने तिला वाट द्यायला घोडा भिंतीच्या बाजूला ओढला, आणि आमचं चाक त्याच्यावरून गेलं. चाकाला हिसका किती बसला म्हणाल, तर पानांचा भारासुद्धा हलला नाही.

इथवर मी मनाशी अनेकदा सांगितलं आहे. पुढचं सांगताना अजून जीभ अडखळते. ते वळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? 'दिसलं! तोंड दिसलं!' चाक जायच्या आत मला आनंद झाला होता. आणि चाक गेल्यावरही, लाज वाटते सांगायला, एक क्षणभर तो आनंद तसाच होता.

मामा खाली उतरला. त्याने एक केळीचं पान ओढून घेतलं, त्यात ते गुंडाळलं आणि भिंतीच्या कडेला पानं कापायच्या कोयत्याने माती उकरायला लागला. मी गाडीत बसून सूर्य किती वर आला ते बघत होतो. "मामा, चल ना," मी म्हणालो. हे शब्द माझेच.

रस्त्याच्या कडेला वरळी कोळीवाड्याची जनाबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उभी होती. ती आमच्या चाळीत रोज मासे घेऊन यायची. तिने सगळं पाहिलं होतं आणि ऐकलंही होतं. "तूच हाक मारलीस ना रं त्याला?" ती म्हणाली. मी दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी मामा अंघोळ करून आईपुढे बसला आणि म्हणाला, "आक्का, आज माज्या चाकाखाली मुंगूस गेला." एवढंच. मी ठोकू नको म्हणालो, मी शपथ घातली, यातलं अवाक्षर नाही. त्याला वाटत असावं, चाबूक त्याच्या हातात होता, तेव्हा दोष त्याचा. आईने कपाळावर हात मारला. मी पाटावर बसलो होतो. माझ्या हातात घास होता. तो मी खाल्ला.

निकाल लागला. माझा नंबर नव्हता. गणितात नापास.

"माज्या भावान माज्या झिलाचा वाटोळा केल्यान," आई रडत म्हणाली. "पयल्याच दिसा मुंगूस मारल्यान. मगे पेपर कसो जातलो?" चाळीतल्या बायकांनी माना डोलावल्या. बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही, की बाबा रे, पुस्तक अर्ध्यावर दुमडलेलं का होतं. मुंगसाच्या मरणाने माझी केवढी सोय केली! मी खाली मान घालून बसलो. लोकांना वाटलं, पोरगा दुःखात आहे.

"माज्या दारात पाय ठेवू नको," आई मामाला म्हणाली. तो दारातच उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण तेही खरं नसावं. मग तो आपली घोंगडी घेऊन वाडीच्या तबेल्यात राहायला गेला.

ते वर्ष मी अभ्यासात घालवलं. आता चालत जायचो, आईने मामाच्या गाडीची शपथच घातली होती. पहाटे दिव्यापुढे बसलो की चिंचेच्या वळणावरून आवाज यायचा. ठक, ठक, ठक. मग थोडी शांतता. पुन्हा ठक, ठक, ठक. रोज, न चुकता. मी कानांवर हात ठेवून बीजगणित सोडवायचो. जनाबाई दारात पाटी उतरवायची तेव्हा मी मागच्या दाराने निघून जायचो. तिने आईला कधी काही सांगितलं नाही. फक्त एकदा, आई भाव करत असताना, माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाय, तुजं पोर लय गप गप झालंय गो."

पुढच्या भाऊबीजेला मामा धुतलेलं धोतर नेसून वाडीच्या फाटकाशी उभा होता. आईने बोलवावं, एवढीच त्याची आशा. आई तबक घेऊन अंगणात आली. निरांजन लावलं. आणि तिने द्वितीयेच्या कोरीला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. तिचा भाऊ पन्नास पावलांवर उभा होता आणि बघत होता. मी दोघांच्या मध्ये उभा होतो. दोन वाक्यं पुरली असती.

त्या वर्षी मी पास झालो. "बघ, त्येच्या गाडीत बसलंस नाय म्हणान," आई म्हणाली, आणि पेढे वाटले. मी तेही खाल्ले.

पुढे मामा गाडी सोडून कायमचा गावी निघाला तेव्हा धक्क्यावर त्याला पोचवायला मी एकटाच गेलो. आगबोटीचा भोंगा होईपर्यंत मी ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं. मामानेच बोलायला सुरुवात केली. मला वाटलं, आता तो तेच काढणार. तो म्हणाला, "त्या भोकातली माती काढीत जा हां. पावसात बुजता." मी हो म्हणालो. मी एकदाही गेलो नाही. त्या भिंतीकडे बघण्याचं धैर्य नव्हतं. काही वर्षांनी रस्ता रुंद झाला, भिंत गेली, चिंचही गेली.

आता दादरच्या रस्त्यांवर मोटारी आहेत, बसगाड्या आहेत. पावसाळ्यात बेडकांचा चिखल होतो, उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात निघालेल्या धामणी पट्ट्यासारख्या चपट्या होऊन पडतात. त्याला इलाज काय, असं सगळे म्हणतात. मला इलाज माहीत आहे. तो एका अडाणी गाडीवानाला माहीत होता. वळण कोणतं ते ओळखायचं, तिथे वेग कमी करायचा, आपण येतोय असं कळवायचं, भिंत घातली तर खाली दोन दगडांची वाट सोडायची. यासाठी लागतात ती सकाळची दोन मिनिटं. तीच मी त्याच्याकडून मागून घेतली होती.

कुसुमचा निकाल अजून लागायचा आहे. ती हुशार पोर आहे, पास होईल. पण समजा नाही झाली, तर तिची आई गल्लीभर माझं नाव घेईल. घेऊ दे. मी नाही म्हणणार नाही. तातूमामाने हे सख्ख्या बहिणीकडून ऐकून घेतलं, मला तर शेजारणीकडूनच ऐकायचं आहे.

मामा गेल्याचं पत्र आलं ते भाद्रपदात. आई तोवर म्हातारी झाली होती. शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही, म्हणून ती पुष्कळ रडली. तिचा राग कधीच विरला होता, पण गाव लांब, आणि पहिलं पत्र कोणी लिहायचं यातच वर्षं गेली. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं तबक केलं, अंगणात आली आणि चंद्राच्या कोरीकडे बघून म्हणाली, "आता खराच तुजोच आधार रे बाबा."

तेव्हा मी सांगितलं. ठोकू नको म्हणालो ते, शपथ घातली ते, अर्ध्यावर दुमडलेल्या पुस्तकाचंही. आई ऐकत राहिली. तबकातलं निरांजन वाऱ्याने फडफडत होतं, तिने त्याला आडोसा म्हणून हात धरला नाही. ती रागावेल, मला दोन तोंडात मारेल, असं मला वाटलं होतं. मला ते हवं होतं.

तिने फक्त विचारलं, "मगे तो जितो होतो तेव्हा मी चंद्राक कित्याक ओवाळलंय रे?"

 ती तबक घेऊन तशीच घरात गेली, आणि त्यानंतरच्या कुठल्याही भाऊबीजेला तिने चंद्राकडे पाहिलं नाही.